जुन्या कचेरीत परवडणारी घरं : कोकणातल्या शहरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, चिपळूण, राजापूर, मालवण, वेंगुर्ले, अलिबाग. यातल्या कुठल्याही गावाच्या जुन्या बाजारपेठेत फेरी मारलीत, तर एखादी तरी दुमजली जांभ्याची इमारत कुलूप लावून उभी दिसते. कधीकाळी तिथे सरकारी कचेरी होती, बँकेची शाखा होती, नाहीतर एखाद्या पेढीचं ऑफिस होतं. कचेऱ्या नव्या प्रशासकीय इमारतीत गेल्या, बँकेने हायवेजवळ गाळा घेतला, पेढी मुंबईला गेली. मागे राहिली इमारत. त्याच गावात सिव्हिल हॉस्पिटलातली परिचारिका, एसटीचा वाहक, बाजारातल्या दुकानांत काम करणारी पोरं दर अकरा महिन्यांनी खोली बदलत फिरत असतात.

अशा इमारतींचं काम मी करतो. विश्वस्त, हिस्सेदार, नगरसेवक आणि भाडेकरू मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

पाडून नवी पाच मजली बांधली तर जास्त घरं होतील ना?

होतील, पण ती परिचारिकेला परवडणार नाहीत. बाजारपेठेतल्या मोक्याच्या जागेवर नवी इमारत उभी राहिली की तिचा दर मुंबई-पुण्याचा ग्राहक ठरवतो, आणि मे महिन्यात व गणपतीत आठवडाभर उघडणारे फ्लॅट तयार होतात. जुन्या इमारतीचा पाया, भिंती, जोतं आधीच उभं आहे, त्याचे पैसे कोणीतरी शंभर वर्षांपूर्वी देऊन ठेवलेत. ते वाचवले तरच कमी भाड्याचं गणित जुळण्याची शक्यता उरते.

शिवाय जुन्या पेठांमध्ये रस्ते अरुंद असतात. रस्त्याची रुंदी, सोडायच्या जागा आणि पार्किंग हे सगळं नव्या बांधकामाला लागू झालं, की कागदावरची पाच मजली बरेचदा तीन मजल्यांवर येते. पाडण्याचा निर्णय घेण्याआधी वास्तुविशारदाकडून दोन्ही पर्यायांचे आराखडे काढून घ्या आणि शेजारी ठेवून बघा.

आमची इमारत घरांसाठी योग्य आहे का, हे कसं ओळखायचं?

सर्वात आधी खोली मोजा. खोली म्हणजे दर्शनी भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर. दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत आणि अंतर दहा-बारा मीटर आहे, तर घरं चांगली होतात. अंतर वीस मीटरवर गेलं की मधल्या खोल्यांना उजेड नाही, वारा नाही. कोकणात वारा नाही म्हणजे चार महिने भिंतीवर बुरशी. अशा इमारतीत मधोमध चौक फोडावा लागतो आणि खर्च वाढतो.

जुन्या कचेऱ्या या बाबतीत आपल्याला अनुकूल आहेत. वीज यायच्या आधी बांधलेल्या असल्यामुळे कारकुनाला दिवसाउजेडी लिहिता यावं म्हणून खिडक्या मोठ्या आहेत, छत उंच आहे, आणि पुढेमागे पडवी किंवा व्हरांडा आहे. हा व्हरांडा अडवून खोली मोठी करायचा मोह प्रत्येक मालकाला होतो. तो आवरा. आषाढात घरातले कपडे कुठे वाळणार, हा प्रश्न नकाशावर दिसत नाही, राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात दिसतो. व्हरांडा भिंतीचं झडीपासून रक्षण करतो, जाण्यायेण्याची वाट देतो आणि कपडेही वाळवतो. तो अडवून चार चौरस मीटर मिळतील, पण ही तिन्ही कामं दुसरीकडे पैसे घालून करावी लागतील.

भिंतीतून पांढरी पूड पडते, गिलावा सुटतो. भिंत गेली का?

बहुतेक वेळा भिंत ठणठणीत असते आणि त्रास गिलाव्याचा असतो. या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो, कारण इथे चूक झाली की बाकी सगळं काम वाया जातं.

जांभा सच्छिद्र दगड आहे. खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत राहून कठीण होतो. जमिनीतला ओलावा चिऱ्यांतून आणि सांध्यांतून वर चढतो, आणि त्याच्याबरोबर क्षार येतात. जुन्या गवंड्यांनी चिऱ्यांमधले सांधे चुन्याने भरले आणि गिलावाही चुन्याचाच केला. किनाऱ्यालगत हा चुना शिंपले भाजूनही केला जात असे. चुन्याच्या गिलाव्यातून ओलावा बाहेर पडतो आणि भिंत उन्हाळ्यात सुकते. मग कधीतरी, साधारण मागच्या चाळीस-पन्नास वर्षांत, कोणीतरी दुरुस्ती म्हणून त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला आणि वर ऑइलपेंट मारला. बाहेर पडायची वाट बंद झाली. पाणी भिंतीतच वर वर चढत गेलं आणि जिथे वाट मिळाली तिथे क्षार सोडून उडून गेलं. तुम्हाला कमरेएवढ्या किंवा छातीएवढ्या उंचीवर जो आडवा ओला पट्टा दिसतो, तो हाच.

तपासायची साधी रीत सांगतो. पट्ट्याच्या खाली बोटाच्या पेराने ठोका. पोकळ आवाज आला तर तिथला हातभर गिलावा छिन्नीने काढा आणि आतला चिरा नखाने खरवडा. चिरा टणक लागला आणि फक्त सांध्यातला चुना भुसभुशीत निघाला, तर भिंत वाचलेली आहे. सांधे खरवडून पुन्हा चुन्याने भरता येतात. चिऱ्याचीच माती होऊन हातात येत असेल, तर तेवढे चिरे बदलायचे. तसे चिरे चिरेखाणीवर आजही मिळतात.

उपाय या क्रमाने करा. आधी पाणी तोडा. पन्हळी नीट करा, पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी न पडता गटारात जाईल असं बघा. कितीतरी गावांत रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले आणि इमारतीचं जोतं रस्त्याच्या खाली गेलं. तिथे भिंतीलगत चर खणून पाणी वळवावं लागतं. मग आतबाहेरचा सिमेंट गिलावा उतरवा आणि भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी ठेवा. त्यानंतर चुना आणि विटेच्या भुकटीचा गिलावा, वर चुन्याचा हात. घाई करून पावसाळ्याच्या तोंडावर गिलावा मारलात, तर दसऱ्याला तोच पांढरा पट्टा परत दिसेल. वॉटरप्रूफिंगचे रासायनिक लेप विकायला येणाऱ्यांना या भिंतींपासून लांब ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

वरचा मजला लाकडी आहे. त्यावर माणसं राहू शकतील?

ऑफिससाठी केलेला मजला घराचा भार पेलायला सहसा कमी पडत नाही. भारतीय मानकांत घराच्या खोलीसाठी दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार धरतात. ऑफिसच्या खोलीसाठी तो 250 धरतात, आणि कागदपत्रांची साठवण त्याच खोलीत असेल तर 400 किलो. दप्तरांच्या गठ्ठ्यांनी भरलेली कपाटं ज्या तक्तपोशीने, म्हणजे फळ्यांच्या मजल्याने, साठ वर्षं उचलली, तिच्यावर एक कुटुंब राहिल्याने बिघडत नाही. हे अर्थात लाकूड शाबूत असेल तर.

लाकूड मधोमध क्वचित कुजतं. तुळईची टोकं जिथे भिंतीत शिरतात तिथे ते जातं, कारण तिथे ओल असते आणि वारा नसतो. तिथे पेचकस दाबून बघा. सागवान किंवा ऐन शाबूत असेल तर पेचकस ठरतो, कुजलं असेल तर बोटभर आत जातो. वाळवीचे मातीचे माग तिथूनच सुरू होतात. फक्त टोक गेलं असेल तर नवीन लाकूड किंवा लोखंडी पट्ट्या जोडून तुळई वाचते.

दोन गोष्टी मात्र लाकडी मजल्यावर करायच्या नाहीत. विटांच्या आडभिंती घालायच्या नाहीत, हलक्या पार्टिशनवर भागवायचं. आणि मोरी-संडास लाकडावर काढायचे नाहीत.

आमची इमारत जांभ्याची नाही, 1970 च्या सुमाराची आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटची आहे. ती चालेल का?

चालेल, पण मला जास्त धास्ती या इमारतींची वाटते. खाऱ्या हवेत काँक्रीटमधली सळई गंजते, गंजल्यावर फुगते आणि स्लॅबचा खालचा पापुद्रा खाली पडतो. त्या काळी खाडीची रेती वापरलेली असेल, तर क्षार आतच आहेत. संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घ्या. त्यात हातोडी-चाचणी, ध्वनिलहरींची चाचणी, काढलेल्या नमुन्यावर फिनॉल्फ्थॅलिन टाकून कार्बोनेशन, आणि सळईचं विद्युत विभव मोजणं हे सगळं हवं. नमुना गुलाबी झाला तर काँक्रीटचा अल्कधर्म टिकून आहे, रंग आलाच नाही तर सळईचं संरक्षण गेलं आहे. विभव उणे 350 मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं असेल, तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांच्या वर समजतात. कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा भूकंप आठवणारी माणसं चिपळूणकडे अजून आहेत. नुसतं प्लास्टर करून रंग दिलेल्या खांबांवर कुटुंबं बसवू नका.

साधारण किती घरं बसतील?

उदाहरणच घेऊ. बाहेरून 30 बाय 12 मीटर, तळ आणि वर एक मजला. दोन्ही मिळून 720 चौरस मीटर. जाड भिंती, जिना, वाट वजा करता सत्तर टक्के उरतात, म्हणजे सुमारे 500. प्रत्येकी 30 चौरस मीटर चटई क्षेत्राची (भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेची) घरं धरली तर हिशेबाने सोळा होतात. प्रत्यक्षात खिडक्यांच्या जागा आणि जुन्या भिंती मानून चौदा होतील. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहायची खोली किमान 9.5 चौरस मीटर आणि 2.4 मीटर रुंद हवी. कचेरीच्या खोल्या त्यापेक्षा बऱ्याच मोठ्या असतात, त्यामुळे हे सहज जमतं.

उंच छत बघून पोटमाळा काढायची कल्पना सगळ्यांनाच सुचते. सामान ठेवायला जरूर काढा. माणूस झोपायला नको, कौलांखाली एप्रिलमध्ये तिथे थांबवत नाही.

संडास, मोऱ्या कुठे काढायच्या?

इमारतीच्या मागच्या बाजूला, जुन्या भिंतीला न टेकवता, वेगळा आरसीसी मनोरा उभारा आणि सगळ्या घरांचे संडास-मोऱ्या एकावर एक त्यातच घ्या. नळ, सांडपाणी, गळती हे सगळं जुन्या भिंतीबाहेर राहतं आणि दुरुस्तीला हात पोचतो. स्वयंपाकाचा ओटा या मनोऱ्याला लागूनच ठेवा. मासे धुतलेलं पाणी रोजचं आहे, त्याला वेगळी जाळी आणि साफ करता येईल असा चेंबर हवाच. परसात विहीर असेल तर सेप्टिक टँकची जागा विहिरीपासून जास्तीत जास्त लांब आणि उताराच्या बाजूला धरा.

मालक सात आहेत, चार मुंबईत, एक परदेशात. काय करायचं?

आराखडा काढायच्या आधी हे मिटवा. मिळकत पत्रिकेवर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांची संमती लागते. ज्यांची नावं लागायला हवी होती पण लागली नाहीत, त्यांची वारसनोंद आधी करून घ्या. प्रत्यक्ष येऊ न शकणाऱ्यांनी नोंदणीकृत मुखत्यारपत्र द्यावं. तोंडी "तुम्ही करा, आमची हरकत नाही" यावर एक चिराही हलवू नका. काम अर्ध्यावर आलं की हरकत निघते, हे कोकणात कोणाला सांगायला नको.

इमारत सार्वजनिक विश्वस्त संस्थेची असेल, तर विकण्यासाठी किंवा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. जमीन भोगवटादार वर्ग 2 असेल, म्हणजे सरकारने अटींवर दिलेली असेल, तर जिल्हाधिकारी कार्यालयाची वाट धरा.

तळमजल्यावर जुने भाडेकरू आहेत. त्यांना काढता येईल का?

काढायच्या विचाराने सुरुवात करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू आहे आणि जुन्या भाडेकरूंना त्याचं संरक्षण आहे. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या या संरक्षणातून वगळलेल्या आहेत. म्हणजे गाळा बँकेकडे असेल तर बोलणी वेगळी, आणि पन्नास वर्षं शिलाई मशीन चालवणाऱ्या शिंप्याकडे असेल तर वेगळी. शिंप्याला तिथेच ठेवा. खाली चालती दुकानं असलेल्या इमारतीत रात्री दिवा असतो, जाग असते, आणि दुकानाचं भाडं वरच्या घरांच्या देखभालीला हातभार लावतं.

कोणकोणत्या परवानग्या लागतात?

ऑफिसचं घर करणं म्हणजे वापरातला बदल, आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 प्रमाणे तो "विकास" ठरतो. आत एक वीटही हलली नाही तरी नगर परिषदेची परवानगी लागते. आराखडा 2 डिसेंबर 2020 ला मंजूर झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार तपासला जातो. काम संपल्यावर नवं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला घ्या. ते हातात आल्याशिवाय कोणाला राहायला आणू नका. महावितरणची जोडणी वाणिज्यिकची घरगुती करून प्रत्येक घराला वेगळा मीटर, आणि घरपट्टीची आकारणी बदलून घेणं, हे त्यानंतरचं.

समुद्र जवळ आहे. सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्राचे नियम) आड येईल का?

येऊ शकतं. नगर परिषद हद्दीतला बांधलेला किनारी भाग बहुधा सीआरझेड-2 मध्ये येतो आणि तिथे अधिकृत जुन्या इमारतीची पुनर्बांधणी मान्य आहे. पण त्या तरतुदीला सध्याचा वापर न बदलण्याची अट जोडलेली आहे. आपलं काम पुनर्बांधणीचं नसून दुरुस्ती आणि वापरबदलाचं आहे, हे अर्जातच स्पष्ट मांडावं लागतं आणि नगर परिषदेकडून लेखी उत्तर घ्यावं लागतं. पैसे गुंतवायच्या आधी किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर आपला नगर भूमापन क्रमांक कुठे पडतो, ते स्वतः डोळ्यांनी बघा.

जवळ किल्ला आहे, त्याचं काय?

केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक असेल, उदाहरणार्थ विजयदुर्ग, तर त्याच्या हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित आणि पुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र धरतात. प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम होत नाही. 16 जून 1992 पूर्वीची इमारत असेल तर तिच्या दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. अशा ठिकाणी जुनी इमारत पाडणं म्हणजे ती जागा घरांसाठी कायमची गमावणं.

चिपळुणात पूर येतो. तिथे हा विचार करावा का?

करावा, पण तळमजल्यावर घरं नकोत. 26 जुलै 2005 आणि 22 जुलै 2021, दोन्ही वेळा बाजारपेठ पाण्याखाली गेली. ज्यांचं बिऱ्हाड तळमजल्यावर होतं, त्यांचं धान्य, गाद्या, पोरांची वह्या-पुस्तकं, सगळं एका रात्रीत चिखल झालं. ज्याच्याकडे बचत नाही त्याला आपण स्वस्त म्हणून नेमकी तीच खोली द्यायची, हे मला मान्य नाही. खाली दुकानं, दुचाकी, सायकली ठेवा. मीटर, पंप आणि वायरिंगचे बोर्ड 2021 च्या पाण्याच्या खुणेच्या वर घ्या. ती खूण अजून बऱ्याच भिंतींवर आहे, गिलावा काढण्याआधी तिची उंची मोजून लिहून ठेवा.

नदीकाठी जलसंपदा विभागाची पूररेषाही बघा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतल्या इमारतीत मी घरं करायला सांगणार नाही.

पैशांचं गणित कसं बसतं?

उलटीकडून मांडा. आधी राहणाऱ्याला काय परवडतं ते धरा, मग खर्च किती करता येईल ते काढा.

प्रधानमंत्री आवास योजनेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाची उत्पन्नमर्यादा वर्षाला 3 लाख रुपये आहे, म्हणजे महिन्याला 25,000. उत्पन्नाच्या तीस टक्क्यांपर्यंत भाडं पेलतं असं धरलं तर 7,500 होतात. पण ही वरची टोकाची रक्कम झाली, म्हणून 6,000 धरू. चौदा घरांचे महिन्याला 84,000, वर्षाला 10 लाख 8 हजार. त्यातला एक तृतीयांश देखभाल, घरपट्टी, विमा आणि रिकाम्या महिन्यांसाठी बाजूला काढा. कोकणात कौलं आणि रंगकाम दरवर्षी काही ना काही मागतंच, त्यामुळे यापेक्षा कमी काढून भागत नाही. उरले 6 लाख 72 हजार. दहा टक्के व्याजाने पंधरा वर्षांचं कर्ज काढलं तर लाखामागे वर्षाचा हप्ता साधारण 12,900 येतो. म्हणजे हे भाडं सुमारे 52 लाखांचं कर्ज पेलतं. घरामागे पावणेचार लाखांच्या आत, चटई क्षेत्राच्या चौरस फुटामागे साडेअकराशे रुपये.

या आकड्यात दुरुस्ती, संडास-मोऱ्यांचा मनोरा, वायरिंग आणि छप्पर कसंबसं बसवण्याची धडपड करावी लागते. इमारत बाजारभावाने विकत घेण्यासाठी यात एक रुपयाही नाही. म्हणून माझा आग्रह असा की हे काम नगर परिषद, देवस्थान किंवा इतर विश्वस्त संस्था, जुनी सहकारी संस्था, किंवा वडिलोपार्जित वास्तू पडू द्यायची नाही असं ठरवलेलं कुटुंब, यांनीच हाती घ्यावं. जागा त्यांची, नाममात्र दराने दीर्घ भाडेपट्ट्यावर. खरेदी करून नफ्याने विकणाऱ्या विकासकाला हे जमणार नाही, आणि त्याने "परवडणारी घरं" अशी पाटी लावली तर ती पहिल्या विक्रीपुरतीच असते.

सरकारी योजनेतून मदत मिळते का?

1 सप्टेंबर 2024 पासून प्रधानमंत्री आवास योजना - शहरी 2.0 चालू आहे. तिच्या चार घटकांत परवडणारी भाड्याची घरं हा एक घटक आहे, आणि आपल्या कामाला तोच सर्वात जवळचा. मात्र या योजना मोठ्या प्रकल्पांच्या मापाने बेतलेल्या असतात. 2015 च्या मूळ योजनेत भागीदारीतल्या प्रकल्पाला किमान 250 घरांची अट होती. चौदा घरांची जुनी इमारत एकटी त्यात बसत नाही. नगर परिषदेने गावातल्या अशा पाच-सहा इमारती एका प्रस्तावात आणल्या तर बोलणं सुरू होऊ शकतं. म्हाडाच्या कोकण मंडळाच्या कार्यक्षेत्रात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही येतात, ते केवळ ठाणे-पालघरचं मंडळ नाही. नगराध्यक्षांनी त्यांच्याकडे पाठपुरावा करावा.

विक्रीची घरं करणार असाल तर लाभार्थ्याच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं ही अट लक्षात ठेवा. आपल्याकडे बऱ्याच जणांचं नाव गावच्या सामाईक घराला लागलेलं असतं, तिथे ते राहत नसले तरी. असा अर्जदार असेल तर कागद आधी तपासून घ्या.

महारेरा (राज्याचं स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) नोंदणी लागते का?

आठपेक्षा जास्त घरं विकणार असाल आणि जमीनही 500 चौरस मीटरपेक्षा जास्त असेल, तर विक्रीच्या जाहिरातीआधीच लागते. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि नोंदणीकृत करार होण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. फक्त भाड्याने देणार असाल, विक्री नसेल, तर हा विषय येत नाही.

दहा वर्षांनी हीच घरं महाग होणार नाहीत कशावरून?

काहीच केलं नाही तर नक्की होतील. पेठेतलं, समुद्रापासून चालत अंतरावरचं, जुन्या बांधणीचं घर. त्याचा होमस्टे करायला किती वेळ लागतो? म्हणून अट दस्तात हवी. माझी पसंती सरळ आहे: मालकी संस्थेकडे, घरं भाड्याने, आणि लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार नोंदणी केलेला. भाडेपट्ट्यातच लिहा की घर त्याच तालुक्यात काम करणाऱ्यालाच मिळेल, पोटभाड्याने किंवा पर्यटकांना देता येणार नाही, आणि भाडेवाढ वर्षाला ठरलेल्या टक्क्यांपलीकडे जाणार नाही. विक्रीच करायची झाली तर म्हाडाच्या घरांना असते तशी पाच वर्षांची विक्रीबंदी मला अपुरी वाटते. त्यानंतरही घर संस्थेलाच, ठरलेल्या सूत्राने परत विकण्याचं बंधन हवं.

घरं कोणाला मिळाली याची यादी नगर परिषदेच्या फलकावर लावा. सोडत जाहीर काढा. एका जरी विश्वस्ताचा पुतण्या रांग सोडून आत आला, तर पुढच्या इमारतीसाठी गाव तुमच्या मागे उभा राहणार नाही.

असं कुठे झालंय का?

अमेरिकेतल्या शहरांत बरंच झालं आहे. लॉस एंजेलिसने 1999 मध्ये जुन्या व्यापारी इमारतींच्या पुनर्वापराचा वेगळा नियम केला आणि शहराच्या जुन्या मध्यभागात हजारो घरं झाली. त्यातली बरीचशी बाजारभावाची होती. परवडणारी घरं जिथे झाली, तिथे ऐतिहासिक इमारतीच्या दुरुस्तीवरची 20 टक्के करसवलत आणि 1986 पासूनची अल्पउत्पन्न घरांची करसवलत, या दोन्ही जोडून पैसा उभा केला गेला. आपल्याकडे तशी करसवलत नाही, म्हणूनच वर म्हटलं तसं जागेची किंमत शून्याजवळ आणावी लागते.

आगीचं काय? आणि वयस्कर माणसांचं?

लाकडी मजल्याच्या इमारतीत दुसरा जिना हवाच, आणि तो बाहेरून, लोखंडाचा किंवा काँक्रीटचा. मागच्या मनोऱ्यालगत तो बसतो. लोखंडी केलात तर गॅल्वनाइज करून घ्या, नाहीतर खारी हवा त्याला खाऊन टाकेल. सिलेंडर व्हरांड्याच्या बाजूला, हवा खेळेल तिथे. जुनं वायरिंग एकूण एक काढा, "एवढं चालतंय" म्हणून काहीही ठेवू नका. तळमजल्यावर पुराची भीती नसेल तिथे निदान दोन घरं वयस्करांसाठी आणि अपंगांसाठी राखा आणि जोत्याला उतार द्या.

कौलं काढून पत्रे घालावेत का?

नको. कौलं उतरवा, फुटकी बदला, वासे-रिपा तपासा, खाली फळ्यांचं अस्तर द्या आणि तीच कौलं परत चढवा. पत्र्याखाली श्रावणात दोन माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, आणि निसर्ग वादळात, 3 जून 2020 ला, रायगड आणि दापोली-मंडणगडकडे पत्रे कसे उडाले ते सगळ्यांनी पाहिलं. वादळासाठी कडेच्या दोन-तीन ओळींची कौलं तारेने बांधून घ्या.

काम कधी सुरू करायचं?

परवानग्या पावसाळ्यात मिळवा आणि छप्पर दसऱ्यानंतर उघडा. आधी छप्पर, मग भिंती उघड्या करणं, मग मजले, आणि मनोऱ्याचा पाया याच्या बरोबरीने. शिमग्याला गवंडी आणि सुतार आठवडाभर गावी जाणार, ते वेळापत्रकात आधीच धरा. भिंती मे अखेरपर्यंत सुकू द्या आणि आतला गिलावा दुसऱ्या वर्षीच्या दसऱ्यानंतर घ्या. म्हणजे दोन हंगाम लागतात. एका हंगामात करून देतो म्हणणाऱ्या ठेकेदाराला भिंत कधी आणि किती दिवस सुकवणार, एवढंच विचारा. नीट उत्तर आलं नाही तर दुसरा ठेकेदार बघा.